पऱ्हाटीचा हिशेब शाळेत व्हावा

कापसाची शेवटची वेचणी झाली की सिल्लोड तालुक्यात बांधाबांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचे, ढीग पेटतात. गुलाबी बोंडअळी मरावी म्हणून शेतकरी ते पेटवतो. त्याचं चुकत नाही, पण जळतो तो कच्चा माल. पऱ्हाटी यंत्रातून बारीक केली तर अळी तशीही जगत नाही. वर त्या भुश्याचं कंपोस्ट होतं किंवा बॉयलरसाठी दाबून ठोकळे करता येतात.

हे नववीच्या मुलांना शिकवायला हवं, आणि तेही पैशांच्या हिशेबासकट. शेणाची पाटी कितीला पडली, खताच्या गोणीला भाव काय लावायचा, उधारी कोणाकडे राहिली, हे सगळं मुलांनीच वहीत मांडावं. आपल्याकडे पर्यावरणाचा तास प्रकल्पवहीतली चित्रं चिकटवण्यातच संपतो.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात: शेती, ऊर्जा, वेल्डिंग, माती-परीक्षण. गावकऱ्यांची कामं ती मोबदला घेऊन करून देतात. गिऱ्हाईक समोर उभं असलं की काम नीटच करावं लागतं. परीक्षेला याची सर नाही.

मिरची, मका, कापूस पिकवणाऱ्या सिल्लोडला हे परकं नाही. चार-पाच शाळांत मिळून पऱ्हाटी बारीक करणारं एक यंत्र, वेळापत्रकात एक दिवस आणि गावातलाच एखादा जाणता कारागीर मानधनावर, एवढी तजवीज जिल्हा परिषदेने यंदाच्या वेचणीआधी करावी.