झाकणाची लाज कसली?

गेल्या पर्युषणात वाघोडिया रोडला भाच्याकडे राहिले होते. दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची नवी टाकी, वरून सताड उघडी. सकाळी केर काढताना सोफ्याखालून काहीतरी निघालं. वाळक्या मिरचीएवढं, तसंच कडक. तो त्यांचा फायरफिश! रात्री टाकीचा दिवा एकदम बंद झाला, तो दचकून उसळला आणि बाहेर पडला. भाचेसून म्हणाली, "जाऊ द्या मावशी, आता न उडणारा मासा आणू."

मला राग आला तो या वाक्याचा. जीव गेला, आणि दोष माशाच्या जातीचा!

मासा हौसेने उडत नाही हो. अंधार एकदम झाला, दुसरा मासा मागे लागला, जागा नवी असली, पाणी बिघडलं, की तो उसळतो. फायरफिश, रास, जॉफिश हे यात पटाईत. समुद्रात ही उडी त्याला वाचवते, कारण खाली पुन्हा पाणीच असतं. आपल्या घरात खाली फरशी असते.

बरं, न उडणारे मासे तरी कोणते? भाच्याला दुकानदाराने सांगितलेली यादी मी नीट ऐकली. समुद्री घोडा उडत नाही, पण आपल्या देशात तो 2001 पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं गुन्हा. लायनफिश जागचा फारसा हलत नाही, पण तोंडात मावेल तो शेजारी गिळतो. मँडरिन तळाशीच फिरतो. त्याला बारीक जिवंत जीव दिवसभर टिपायला लागतात, नव्या टाकीत ते पुरत नाहीत आणि तो हळूहळू उपाशी मरतो. बांगाई कार्डिनल शांत खरा, पण इंडोनेशियातल्या थोड्याशा बेटांचा तो रहिवासी, आणि 2007 पासून धोक्यातल्या जातींत त्याची गणना आहे. उरला क्लाउनफिश. तो हौदात वाढवता येतो, आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते करून दाखवलं आहे. पण घाबरला तर तोही उडतोच. म्हणजे खात्रीचा मासा एकही नाही.

आणि यांतल्या बहुतेकांना खायला काय? गोठवलेली बारीक कोळंबी. कांदा-लसूण ज्या घरात येत नाही, त्या घरच्या फ्रीजमध्ये!

भाचा म्हणतो, झाकण लावलं की पाणी तापतं, प्रकाश अडतो. काचेच्या झाकणाचं हे खरं आहे. बडोद्याच्या मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा उघड्या पाण्याची वाफ होऊन टाकी थोडी थंड राहते. पण बारीक पारदर्शक जाळी मिळते ना! सहा मिलिमीटरची भोकं, चौकटीत ताणून बसवायची. हवा खेळते, वाफ जाते, उजेड येतो. मग हरकत कशाची? दिसण्याची. पाहुण्यांना जाळी दिसेल म्हणून जीव फरशीवर वाळू द्यायचा?

आपण पाणी गाळून पितो. उत्तरायणात मांज्याने कापलेली कबुतरं दवाखान्यात पोचवतो, पांजरपोळाला देणगी देतो. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला कोणता? बंध. जीवाला बांधून, कोंडून ठेवणं. आणि शेवटचा, त्याचं अन्नपाणी रोखणं. गाईबैलांच्या वेळी हे आपल्याला पाठ असतं. मासा ओरडत नाही, म्हणून तो यातून सुटला का?

बायांनो, टाकी घरात नसेल तर आणू नका. समुद्र बघायचाच असेल तर मुलांना जामनगरजवळ नरारा बेटावर न्या; ओहोटीला खडकांतलं सगळं दिसतं. बघा आणि रिकाम्या हाताने परत या. टाकी असेलच, तर आहेत ते जीव नीट सांभाळा. आज जाळी लावा, दिवा एकदम विझवू नका, नवा मासा आणू नका.

भाच्याला सांगून आले, जाळी बसेपर्यंत तुझ्या घरचं पाणीही घेणार नाही. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "मावशी, बसवली जाळी. आता या."