आजोबा बारीक नाहीत, काटक आहेत



मागच्या महिन्यात वर्गात ‘माझे आजोबा’ या विषयावर पाच ओळी लिहायच्या होत्या. आमच्या चिरंजीवांनी लिहिले, ‘माझे आजोबा बारीक आहेत.’ वर फोनवर मोठ्या उत्साहाने वाचूनही दाखवले. सत्तरी ओलांडूनही रोज पहाटे साताऱ्याचा अजिंक्यतारा चढणारा तो माणूस क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, “सूनबाई, मी इतका खंगलोय का गं?”

चिरंजीवांना विचारले, तर म्हणाले, “मला ‘वायरी’ म्हणायचं होतं. मराठीत ते नाहीये ना!”

आहे की! काटक. पण तो शब्द घरात त्याच्या कानावर पडलाच नाही, आणि हा दोष आमचा. आमच्या घरी मटण टफ, पोळी टफ, भेंडी टफ आणि परीक्षाही टफ! खरे तर मटण चिवट राहते, पोळी वातड होते, लाडू टणक होतो. सेंट मेरीज भागातल्या दुकानातून आणलेली भेंडी जून निघते. इंग्रजीही काही गरीब नाही. सेलरी स्ट्रिंगी, मांस लेदरी, अंगाने सडसडीत पण कणखर माणूस वायरी किंवा सिन्यूई. ‘स्किनी’ म्हटले की मात्र कौतुक संपले. इंग्रजांना त्या देहात तार दिसली. आपल्याला दोराचा पीळ दिसला, म्हणून आपण ‘पिळदार’ म्हणतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये 52 किलो गटात सहावे आले. 1952 साली हेलसिंकीत बँटम गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. बँटम म्हणजे कोंबडीची एक लहानखुरी जात. त्यांना कोणी ‘बारीक’ म्हणून पाहायचे होते!

काही पालक म्हणतात, आजी-आजोबांशी फोनवर बोलण्यापुरते मराठी आले की झाले. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण आमचे अडले ते नेमके फोनवरच.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात दोन पापड आणणार आहोत. एक ताजा भाजलेला, दुसरा रात्रभर उघडा ठेवून सादळलेला. मुलांनी दोन्ही मोडून पाहावेत आणि कोणता कुरकुरीत, कोणता वातड ते सांगावे. ‘टफ’ म्हणणाऱ्याला वातड पापड खावा लागेल. पालकांनाही.