सोडत अंतर पाहते, चूल पाहत नाही

शेतकरी व कारागीर बांधवहो, 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांच्या पहिल्या पायरीवरील पंचवीस टक्के जागा वंचितांच्या व गरिबांच्या मुलांस बिनफीच्या केल्या. कायदा चांगला. पण अर्ज जास्त झाले की सोडत निघते, आणि घोडे तेथेच पेंड खाते.

आपल्या राज्यात वंचित गटातील जातींस उत्पन्नाची अट नाही. म्हणून नवरा गेल्यावर निंदणाच्या रोजीवर घर हाकणाऱ्या बाईचे पोर आणि नवराबायको दोघेही सरकारी पगार घेणाऱ्या घरचे पोर एकाच सोडतीत! जात एक, पण चूल एक आहे काय?

जे त्या गटात नाहीत, त्यांस वर्षाला एक लाखाची मर्यादा. हिशेब करा. रोज 300 रुपये मिळाले तर 365 दिवसांचे 1,09,500 होतात. मजूर श्रीमंत ठरला! खाणारी तोंडे सात, कमावता एक, हे कोण मोजतो?

पैसा रयतेचा अन् विद्या वरच्यांना, हे गाऱ्हाणे जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मांडले. आज असे वरचे आपल्यातही निपजले, हे कबूल करण्यास लाज कसली?

जातीचा हक्क कोणी काढू नये. तो झगडून मिळाला आहे. पण हक्कात क्रम लावा. एकाच्या रोजीवर चालणाऱ्या घरास आधी जागा द्या. उत्पन्न तोंडे मोजून ठरवा. आणि पगारदार बंधूंनो, सरकारची वाट न पाहता तुम्ही आपला अर्ज मागे घ्या. फी भरण्याची ऐपत असून मजुराच्या पोराची जागा अडवणे, यास हक्क म्हणत नाहीत.

— वऱ्हाडातील एक खेड्याचा मास्तर