नाक्यावरचा पहारा

मालवाहतुकीला दहशतवाद्यांपासून संरक्षण कसे द्यावयाचे, हा प्रश्न निघाला की आपल्याकडील चर्चा लगेच यंत्रांकडे वळते. किती स्कॅनर घेतले, किती कॅमेरे बसविले, याची मोजदाद होते आणि तेवढ्यावर समाधान मानले जाते. यंत्रांना आमचा विरोध नाही. परंतु २०२४-२५ या एका वर्षात न्हावाशेवाच्या बंदरातून, वीस फुटी मापाने मोजता, सुमारे ७३ लाख कंटेनरांची ये-जा झाली. म्हणजे दिवसाला वीस हजार! त्यांतली प्रत्येक पेटी उघडून पाहावयाची म्हटले, तर आठवड्याच्या आत बंदर तुंबेल आणि घातपात्याला जे साधावयाचे ते आपणच आपल्या हातांनी साधून देऊ.

अमेरिकेसारख्या संपन्न देशाचा अनुभव या बाबतीत पाहण्याजोगा आहे. परदेशी बंदरात स्कॅन झाल्यावाचून एकही कंटेनर आपल्या देशात येऊ नये, असा कायदा तेथील काँग्रेसने २००७ साली केला आणि २०१२ ची मुदत घातली. मुदत आली, वाढविण्यात आली, पुन्हा वाढविण्यात आली. कायदा पुस्तकात राहिला. पैसा नव्हता किंवा यंत्रे नव्हती असे तर कोणी म्हणणार नाही. प्रत्यक्षात उपयोग झाला तो त्याआधीच्या एका साध्या नियमाचा: माल जहाजावर चढण्यापूर्वी चोवीस तास त्याची यादी कळवावयाची, ती माणसांनी वाचावयाची आणि संशयास्पद वाटेल तेवढीच पेटी बाजूला काढावयाची.

२०१० च्या ऑक्टोबरात येमेनहून अमेरिकेला निघालेल्या मालात छपाईयंत्रांच्या शाईच्या डब्यांत दडविलेले दोन बॉम्ब सापडले. एक इंग्लंडमधील ईस्ट मिडलंड्स विमानतळावर, दुसरा दुबईत. इंग्लंडमधील पुडके पहिल्या तपासणीत निर्धोक ठरले होते, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. सौदी अरबस्तानच्या गुप्तहेरखात्याकडून खबर आली होती, म्हणून ते पुन्हा उघडण्यात आले. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविले आहे. परीक्षेच्या वर्गात सर्वांचे खिसे तपासणाऱ्या पर्यवेक्षकाला जे सापडत नसे, ते मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकाला दारातूनच दिसत असे.

परंतु दारात उभा असलेला माणूसच विकला गेला तर? मुंबईकरांना याचे उत्तर शोधावयास परदेशी जावयास नको. १२ मार्च १९९३ रोजी या शहरात जे बॉम्बस्फोट झाले त्यांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांसाठीची शस्त्रे आणि स्फोटके जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी व शेखाडी येथे उतरविण्यात आली होती आणि तेथून सडकेने, ट्रकांत भरून, ती पुढे गेली. ती कोणाच्या दृष्टीस पडली नाहीत असे मुळीच नाही. दिघीहून निघालेला ताफा पोलिसांच्या एका पथकाने वाटेत अडविला होता. तेथे सौदा ठरला, आणि पुरेशी रोकड हाताशी नसल्याने चांदीच्या विटा तारण म्हणून देण्यात आल्या. काही पोलीस व कस्टम अधिकारी या प्रकरणी दोषी ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली त्यावर शिक्कामोर्तब केले.

त्या रात्री पैसे घेणाऱ्यांना मालात नेहमीसारखी चांदी असेल असेच वाटले, असे घटकाभर मानू. मग तर प्रकरण अधिकच गंभीर होते. चांदीसाठी वर्षानुवर्षे वहिवाटीची झालेली वाट आरडीएक्सला नव्याने पाडावी लागली नाही. तीच बोट, तोच धक्का, तोच हप्ता. तस्करी हा जणू केवळ सरकारी तिजोरीचा तोटा आहे आणि दहशतवाद ही निराळी गोष्ट आहे, अशी जी वाटणी आपण मनातल्या मनात करून ठेवली आहे, ती त्या वर्षीच पुसली जावयास हवी होती. ती पुसली गेली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात दोन कंटेनरांतून सुमारे तीन हजार किलो हेरॉईन पकडले गेले. अफगाणिस्तानातून इराणमार्गे आलेला हा माल कागदोपत्री शंखजिऱ्याचे दगड म्हणून नोंदलेला होता. तो महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडला, ही समाधानाची गोष्ट. पण दगड म्हणून हेरॉईन येऊ शकते, तर दगड म्हणून आणखी काय काय येऊ शकेल?

समुद्रातला धोका वेगळा, आणि तो अधिक दिसतो. २०२३ च्या नोव्हेंबरापासून हुथींनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. त्याच डिसेंबरात ‘केम प्लुटो’ या जहाजावर आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून काही अंतरावर ड्रोन आदळले आणि वीसेक भारतीय खलाशांसह ते जहाज तटरक्षक दलाने मुंबईला आणले. सुएझचा रस्ता सोडून जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा नाशिकच्या द्राक्षांना युरोप गाठावयास पंधरवडाभर जास्त लागू लागला, भाडे वाढले, आणि त्याची झळ शेतकऱ्याला लागली. तेथे आपल्या नौदलाने जे केले ते अभिमानास्पद आहे. पण खोल समुद्रात युद्धनौका उभ्या करावयाच्या आणि किनाऱ्यावरचा नाका तीन-चार माणसांच्या सचोटीवर सोडून द्यावयाचा, हा कोणता हिशेब?

निर्यातीच्या कंटेनरांना २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक सील लागू लागले. चांगले झाले. तथापि वाटेत दार उघडले गेले नाही एवढेच ते सील सांगते. दार लावण्यापूर्वी आत काय भरले हे त्याला ठाऊक नसते. ते ठाऊक असते गोदामातल्या मुकादमाला, हमालाला, ट्रकच्या चालकाला. या माणसांना विचारणारे कोणी आहे काय? त्यांनी काही सांगितले तर दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी राहील काय? विश्वासू व्यापाऱ्यांना सवलती देण्याची योजना योग्यच आहे, कारण त्यामुळे तपासनिसाचा वेळ संशयितांसाठी मोकळा राहतो. मात्र तो विश्वास दरवर्षी नव्याने पारखला गेला पाहिजे. आणि लहान बंदरांकडे, ज्यांची नावे मंत्र्यांच्या भाषणात येत नाहीत, त्यांच्याकडे निदान मोठ्यांच्या निम्म्याने तरी लक्ष जावयास हवे.

आमच्या वाचकांत आयात-निर्यातीच्या व्यवसायातले अनेकजण आहेत. माल लवकर सुटावा म्हणून दिलेल्या पाकिटाला ते लाच म्हणत नाहीत, ‘खर्च’ म्हणतात, आणि तो हिशेबात कोठेतरी मांडतात. त्यांचा माल निर्वेध असेल याविषयी आम्हांला शंका नाही. त्यांच्या मागे रांगेत जो उभा आहे त्याच्या मालाविषयी मात्र आम्ही तसे म्हणू शकत नाही, आणि पाकीट तोही तेवढेच देतो. उलट, एखाद्या तपासनिसाने कागद जुळत नाहीत म्हणून एक पेटी अडवून धरली, तर चार दिवसांत त्याच्या वरिष्ठांना फोन जातात. हे फोन कोण करतो, ते कोण घेतो आणि त्या तपासनिसाची पुढे बदली कोठे होते, याची नोंद ठेवण्याची तरतूद सरकारने आता आपल्या सुरक्षा-आराखड्यात करावी.