एक वही, अनेक पडदे

२००२ साली आयझॅक रिचर्ड्स यांनी अमेरिकेत आरंभिलेली ‘मिथटीव्ही’ ही मुक्तस्रोत प्रणाली दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घरीच मुद्रित करते. तिची रचना पेढीसारखी आहे. मुख्य संगणक वाहिन्या पकडून वेळापत्रकाप्रमाणे मुद्रण साठवितो. खोल्याखोल्यांतील लहान यंत्रे घरच्या नेटवर्कवरून ते दाखवितात. मुद्रणासाठी दुय्यम संगणकही जोडता येतात. नोंदवही मात्र सर्वांची एकच, ती म्हणजे डेटाबेस. साठविलेल्या फायलीच्या नावात वाहिनीचा क्रमांक व वेळ एवढेच असते. कार्यक्रमाचे शीर्षक डेटाबेसमध्ये राहते. तो नष्ट झाल्यास गोदामात माल आहे, पण खातेवही हरवली, अशी गत होते. यास्तव डेटाबेसची प्रत नियमाने काढून निराळ्या डिस्कवर ठेवावी. वहीचे मोल जाणणाऱ्या व्यापाऱ्यास अधिक सांगणे न लगे.