फुटलेल्या भिंगाचा हिशेब

प्राथमिक शाळेत प्रयोग का होत नाहीत, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: साहित्य नाही. काही ठिकाणी ते खरं असेलही. बऱ्याच ठिकाणी ते कपाटाशी जाऊन खोटं पडतं. १९८७च्या खडू-फळा योजनेपासून शाळांना विज्ञानाची पेटी देण्याचा रिवाज आहे. भिंग, लोहचुंबक, होकायंत्र असं काहीबाही तीत असतं. पण असतं ते कुलपात.

या कुलपाचं खापर गुरुजींच्या आळसावर फोडायची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. कुलूप घालायला लावतं ते डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही. भिंग एकदा त्यात चढलं की ते भिंग राहत नाही, सरकारी मालमत्ता होतं. फुटलं तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून वगळण्याचा, प्रस्ताव, वर खुलासा. इतका उपद्व्याप करण्यापेक्षा मुलांच्या हाती न दिलेलं बरं, असं कुणालाही वाटेल. मग तपासणीच्या दिवशी जुन्या पेटीतल्या साऱ्या वस्तू नव्यासारख्या निघतात आणि शेरा चांगला मिळतो! खडू झिजून संपतो, त्याचं निर्लेखन कुणी मागत नाही. भिंगाने मात्र चिरंजीव असावं अशी अपेक्षा.

प्रयोगांचा आग्रह धरणाऱ्या आमच्या बाजूच्या मंडळींचाही एक भ्रम इथेच काढून टाकतो. टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे नि आगकाड्या जोडून त्यांनी घनापासून मनोऱ्यापर्यंत आकृत्या उभ्या केल्या. अफलातून काम. पण त्यावरून ‘टाकाऊतून सगळं होतं, पैसे कशाला?’ असा सूर लावणाऱ्यांपासून सावध राहावं. आगकाडीतून भिंग होत नाही. श्रीमंतांच्या शाळेला प्रयोगशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेला भंगार, ही वाटणी कल्पकतेच्या नावाखाली खपवू नये.

दुसरा आक्षेप, मुलं लहान आहेत, इजा होईल. घरी चुलीपुढे भाकऱ्या थापणारी मुलगी शाळेत मेणबत्ती पेटवायला मात्र लहान ठरते! पाऱ्याचा थर्मामीटर नको, आम्लं नकोत. या वयात ती लागतही नाहीत. मेणबत्तीपाशी शिक्षक आणि पाण्याची बादली असली की पुरे.

आता आजचा सर्वांत लाडका पूर्वपक्ष: टीव्हीवर, मोबाइलवर सगळे प्रयोग दिसतात, मग करायचे कशाला? उत्तरासाठी सर्वांच्या ओळखीचा प्रयोग घेऊ. ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर पालथा ग्लास. मेणबत्ती विझते, ग्लासात पाणी चढतं. सांगितलं जातं असं: हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, म्हणून तेवढं पाणी वर आलं. पाहणारं मूल मान डोलावतं आणि वहीत उतरवतं.

हाच प्रयोग चौथीतल्या चौघा मुलांना करू द्या. ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही. ती विझल्यावर सरसर चढतं, हे कुणाच्या तरी नजरेत येतं. ऑक्सिजन जळण्याने पाणी चढायचं, तर ते आधीच चढायला हवं होतं. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे सुटलेलेही कधी कधी दिसतात. मग एखादा उपद्व्यापी पोरगा एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावतो आणि पाणी आणखी वर जातं. ग्लास तोच, ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी जास्त कसं? ज्योतीने हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते. विझल्यावर उरलेली गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. पाणी चढतं ते मुख्यतः यामुळे. शिवाय ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपण्याआधीच ज्योत विझते. पडद्यावरच्या प्रयोगात चौथ्या मिनिटाला दुसरी मेणबत्ती लावून पाहता येत नाही. तिथे फक्त मान डोलावता येते.

राहिला अभ्यासक्रम पुरा न होण्याचा आक्षेप. प्रयोगाला वेळ लागतो हे कबूल. पण सरकारी शाळांत हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी होशंगाबाद पाहावं. ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ साली तिथल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेरही गेला. सहावी ते आठवीची मुलं चौघा-चौघांच्या टोळीने प्रयोग करत, निष्कर्ष स्वतः काढत. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकालाही गुण होते. शिकवणारे नेहमीचेच सरकारी शिक्षक. ‘पण २००२ साली सरकारने तो बंदच केला ना?’ केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट अशक्य होती, असं त्यावरून सिद्ध होत नाही. आणि लहान इयत्तांसाठी होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘हलकं-फुलकं विज्ञान’ ही पुस्तकं आहेतच.

माझी मागणी साधी आहे. पेटीतलं साहित्य खडूसारखं संपणारं धरा आणि दरवर्षी भरून द्या. पाच भिंगं फुटली, दोन चुंबक हरवले, मेणबत्त्या संपल्या, असं वर्षअखेरीस लिहिणाऱ्या शाळेला नवं साहित्य आधी मिळावं. आणि जिचा हा रकाना कोरा असेल, तिच्याकडे खुलासा मागावा.