समाजशास्त्राच्या मुलांना मासकॉम का नाकारता? कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय,

‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ या एका ओळीवर यंदाचेही प्रवेश उरकले. समाजशास्त्र मेजर (मुख्य विषय) आणि जनसंज्ञापन म्हणजे मासकॉम मायनर (दुय्यम विषय), एवढीच आमची मागणी. आमचा अर्ज अधिष्ठात्यांकडून अभ्यास मंडळाकडे आणि तिथून परत अधिष्ठात्यांकडे कसा फिरतो आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. स्मरणपत्रांवर आवकचा शिक्का पडतो, लेखी उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र आता चारचौघांत लिहितो आहे.

नियम आडवा येत असता तर आम्ही गप्प बसलो असतो. पण नियम आमच्या बाजूने आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० ला मंजूर झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत, त्यांत मेजरला ६० आणि मायनरला २४. दुसऱ्या विषयात ४० टक्के, म्हणजे १२० पैकी ४८ क्रेडिट मिळवले तर दुहेरी मेजरही देता येते. मायनर दुसऱ्या विद्याशाखेतलाही चालेल, असे राज्याच्या २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयात स्पष्ट लिहिले आहे. संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून लागू झाली. मग आमच्या मुलांच्या मायनरच्या बास्केटमध्ये अजून राज्यशास्त्र, इतिहास आणि अर्थशास्त्र एवढेच का? २४ क्रेडिट कुठून घ्यायचे हे विद्यार्थी ठरवील, असे धोरण सांगते. आपल्या विद्यापीठात ते कॉलेजचे ऑफिस ठरवते.

जनसंज्ञापनाचा वर्ग दूर कुठे नाही. आमच्याच इमारतीत, आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर भरतो. दोन्हीकडची पहिली तासिका साडेसातला सुरू होते आणि एकाच वेळी संपते. फीची खिडकी वेगळी, हजेरीपट वेगळा. कारण समाजशास्त्र अनुदानित आणि मासकॉम विनाअनुदानित. खरी अडचण इथे आहे, आणि ती तीन वर्षांत कुणी कागदावर लिहून दिली नाही, म्हणून मी लिहितो. अनुदानित तुकडीतल्या मुलाने वरच्या मजल्यावर २४ क्रेडिट घेतले, तर त्या तासांची फी कोण भरणार? तिथले बहुतेक शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत, त्यांच्या वाढीव तासांचे मानधन कुठून येणार? आणि आमच्याकडचा कार्यभार कमी दिसला तर उद्या समाजशास्त्राचे पद जाणार का? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, तिन्हींना उत्तरे देता येतात. ती देण्याऐवजी आपले कार्यालय विद्याशाखा वेगळ्या असल्याचे सांगते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने चार विद्याशाखा केल्या. समाजशास्त्र मानवविज्ञानात गेले, जनसंज्ञापन आंतरविद्याशाखीय अभ्यासात. आंतरविद्याशाखीय म्हणवणाऱ्या शाखेचा विषय दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला बंद असेल, तर त्या नावाला अर्थ काय उरला?

माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात एक मुलगी आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. क्षेत्र प्रकल्पासाठी तिने टोळीतल्या बायकांच्या मुलाखती मोबाइलवर घेतल्या. बायका उचलीबद्दल, मुकादमाबद्दल नावानिशी बोलल्या आहेत. निम्मे बोलणे वाऱ्यात आणि ट्रॅक्टरच्या आवाजात बुडाले आहे. जे ऐकू येते त्यातले काय बाहेर जाऊ द्यायचे, चेहरा झाकला तरी मुकादमाने आवाज ओळखला तर पुढच्या हंगामात त्या बाईचे काय, असे तिने मला विचारले. संमती, विश्वास आणि सत्तेचे गणित मी तिला शिकवू शकतो. ध्वनिमुद्रण आणि संपादन मी शिकलेलो नाही. ते शिकवणारे शिक्षक आणि माइक वरच्या मजल्यावर आहेत, आणि तिथे तिची हजेरी लागत नाही. तिकडचा विद्यार्थी कॅमेरा घेऊन त्याच फडात जातो तेव्हा त्याला कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे कुणी सांगितलेले नसते. बाई दिवसभर राबते, पण हिशेबात अर्धा कोयता असते आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. हे माहीत नसताना त्याने आणलेला ‘बाइट’ कितीही स्वच्छ ऐकू आला, तरी त्यातून त्या बाईची मजुरी कळत नाही.

हे शैक्षणिक हौसेपुरते आहे असे वाटत असेल, तर १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. अफवा कशी पसरते, पाठवणारा ती न तपासता पुढे का ढकलतो, हे संज्ञापनाचा अभ्यास सांगतो. पण गावात आलेल्या भटक्या माणसावर संशय इतक्या लवकर का बसतो, याचे उत्तर मोबाइलमध्ये नाही. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, पण भटकणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच नजरेने पाहण्याची सवय गेली नाही. राईनपाड्याची बातमी लिहिणाऱ्याला हे दोन्ही माहीत हवे. आपल्या विद्यापीठात आज एकाच मुलाला हे दोन्ही शिकण्याची सोय नाही.

आणि ही सांगड काही नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिव्यवस्थेवर निबंध वाचला आणि ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. शिकागोचा समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क या शास्त्राकडे वळण्याआधी बातमीदार होता. पुढे १९२२ मध्ये त्याने अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांवर ग्रंथ लिहिला. १९७५-७६ मध्ये भारतात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोचवली गेली, तेव्हा तिचा गावावर काय परिणाम होतो हे पाहायला समाजशास्त्रीय अभ्यास करावाच लागला होता.

आता मागणी. अनुदानित तुकडीतल्या विद्यार्थ्याला मायनरचे क्रेडिट अनुदानित दरानेच मिळावेत आणि फरक विद्यापीठाने आपल्या निधीतून कॉलेजला द्यावा. दोन्ही वर्गांच्या वेळापत्रकात आठवड्यातले निदान दोन दिवस सामाईक तासिका ठेवण्याचे परिपत्रक काढावे. मायनर दुसरीकडे घेतला म्हणून मेजरच्या विभागाचा कार्यभार कमी धरला जाणार नाही, हे लेखी द्यावे, नाहीतर कोणताच विभाग आपला विद्यार्थी वरच्या मजल्यावर पाठवणार नाही. ज्याची तयारी आहे त्याला ४८ क्रेडिटचा दुहेरी मेजर खुला करावा. सध्या द्वितीय वर्षात असलेल्या मुलांनी जनसंज्ञापनाचे जे काम केले आहे, त्याचे क्रेडिट देण्याचा निर्णय याच सत्रात व्हावा. पुढच्या वर्षी ती मुले शेवटच्या वर्षाला असतील.

विद्या परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्या. नामंजूर करायचा असेल तर कारण लिहा आणि सहीनिशी कळवा. ते पत्र मी आमच्या विभागाच्या सूचना फलकावर लावीन.

आपला,
तालुक्याच्या एका महाविद्यालयातला समाजशास्त्राचा शिक्षक